अंकिताला मानवेल अशी हवा

११ ऑक्टोबर १९९५, कळंबोली
परत दम. अंकिता उशीला टेकून बसून होती, खांदे वरखाली. सहा वर्षांची पोर म्हणते, "आई, बस झालं ना आता." पनवेलला नेलं, इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, लोखंड बाजाराची धूळ, ट्रकचा धूर — जमलं तर जागा बदला. पण बदलायची कशी? यांची नोकरी त्याच बाजारात, गोदामावर.

१५ ऑक्टोबर, जासई
सासूबाईंकडे आलो. मोकळं अंगण, वाटलं इथं सुटेल. पण न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर दारावरूनच जातात. वाळत घातलेला फ्रॉक तासाभरात करडा. संध्याकाळी पुन्हा छातीत घरघर.
मला वाटलं, सासूबाई मलाच बोल लावतील. चुलीपाशी हळूच म्हणाल्या, "पोरीला घेऊन माहेरी जा तू. माझ्या भरतचं जेवान मी बघीन. नातीपरीस मोठं काय नाय."

१८ ऑक्टोबर
यांच्याशी भांडले. म्हणतात, शाळेचं काय, दोन घरं कशी चालवायची? मी म्हटलं, श्वासच नाही तर शाळा कसली! शेवटी पालीच्या एस.टी.त यांनीच बसवून दिलं. वळून पाहिलं नाही.

२२ ऑक्टोबर, माहेर
दम नाही. बोलून दाखवायचीही भीती वाटते.

५ नोव्हेंबर
अंकिता धावली! वासरामागे, थेट ओढ्यापर्यंत. मी गोठ्याआड जाऊन रडून घेतलं. जेवताना म्हणाली, "बाबांनी बघायला हवं होतं."

१२ नोव्हेंबर
अंकुशदादा म्हणतो, राहा हवं तितकं. वहिनी मात्र भांडी आपटते. किती दिवस राहणार अशी? आणि परत तरी कुठं नेऊ हिला?

१९ नोव्हेंबर
हे आले. वाळलेत. लेकीला धावताना बघत ओट्यावर बसून राहिले. मग म्हणाले, "नोकरी सोडतो. पालीत काहीतरी बघू." कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले मी.

२३ नोव्हेंबर
खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. भुसा उडाला आणि अंकिताला दम लागला. कळंबोलीत लागायचा त्याहून मोठा. ओठ निळे. जीप मिळेपर्यंत हे तिला छातीशी धरून रस्त्याने पळत होते. पालीच्या दवाखान्यात श्वास सापडला.
इथंही! मग आता राहिलं कुठलं गाव?

२४ नोव्हेंबर
हे म्हणाले, "कुठंही लागणारच असेल, तर तिघं एकत्र असू. आणि पनवेलचा दवाखाना जवळ."
उद्या कळंबोलीला परत.