वादळ आज साडेतीनला

मेहजबीन,

मी श्रीवर्धनला निघालोय, तुझ्या अब्बांना आणायला. तू वर्गात शिकवते आहेस, फोन बंद आहे, म्हणून हे फ्रिजवर लावून जातोय. अम्मीची दुपारची गोळी टेबलावर काढून ठेवली आहे.

वादळ उद्या सकाळी दहाला नाही, आज दुपारी साडेतीनच्या सुमारास किनाऱ्यावर येतंय. काल संध्याकाळी ते सहाशे किलोमीटर लांब होतं आणि नकाशावर वेग पंधरा लिहिला होता. मी सरळ भागाकार केला, चाळीस तास. तो वेग नॉटमध्ये होता, म्हणजे ताशी अठ्ठावीस किलोमीटर. हे आज चहा पिताना लक्षात आलं. "त्यांना सरकारी सूचना पाळू दे," असं तू काल म्हणालीस तेव्हा मी हसलो, आणि अब्बांना फोनवर सांगितलं, "उद्या पहाटे निघा, घाई नको."

अब्बांचा फोन बंद आहे. शेजारच्या कासिमचाचांचा लागला. अख्खा मोहल्ला कालच गावच्या शाळेत आसऱ्याला गेलाय, अब्बा एकटे घरी आहेत. न्यायला आलेल्यांना म्हणाले, "माझा जावई हिंजवडीत कंप्युटरवर असतो, त्याला जास्त कळतं." मी माझी चूक सांगायच्या आत लाइन तुटली.

साडेबाराला शाळा सुटून आलीस की चाचांना फोन लावत राहा. लागला तर त्यांच्याकरवी अब्बांना निरोप दे, आत्ता निघा. तू सांगतेस असं म्हणू नकोस, माझं नाव घे. अजूनही ते माझंच ऐकतील.

शहेजाद