मालकीणबाईंचे मासे आणि माझा हात

तीर्थस्वरूप मामांना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी इकडे बरा आहे, मासेही बरे आहेत (कुठले मासे ते पुढे येईलच). तुमच्या कंबरेला आराम पडला का? मामींना सांगा, त्यांनी विणलेला स्वेटर अजून अंगात बसतो, म्हणजे माझं अंग काही वाढलेलं नाही. अक्कलही नाही, ते आता वाचाच.

तुम्हांला ठाऊक आहे, मी लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर असतो. वर मालकीणबाईंचं घर, मागे माझी खोली. दिवसभर एका जागी उभं राहायचं, आणि मला तर वर्गातसुद्धा खिडकीजवळ बसवल्याशिवाय करमत नसे (बसवलं की खिडकीतून पसार). म्हणून माझा डोळा आहे तो घरोघर कपडे पोचवायच्या व्हॅनवर. जुना व्हॅनवाला काम सोडणार हे कळल्यापासून मी बाईंच्या पुढेपुढे करत होतो. तेवढ्यात बाई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या. त्यांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे, त्यात नारिंगी माशांची जोडी. (यजमान गेल्यापासून बाई या जोडीशी गप्पा मारतात. इस्त्रीवाल्याशी बोलतात त्याहून पुष्कळ मायेनं.) टाकीचं जमेल का म्हणून विचारलं, मी म्हटलं जमेल की. त्यातलं पाणी मीठ घालून करतात, हेसुद्धा मला त्याच दिवशी कळलं. मासे जगले तर व्हॅन, नाहीतर जन्मभर इस्त्री, हे आम्ही दोघांनी न बोलताच ठरवलं.

बाईंनी सगळं नीट सांगितलं होतं. पाणी बदलताना टाकीतला काचेचा हीटर आधी बंद कर, निवू दे, मग पाणी काढ, कारण उघड्यावर तापला की तडकतो. वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेव, म्हणजे ओघळ सॉकेटात शिरणार नाही, खालीच ठिबकेल. प्लगच्या पिनांवर मिठाचा थर दिसला की वीज बंद करून पूस. आणि तापमापक रोज बघ. मी इतकी मान डोलावली की निम्मं तिथेच सांडलं असावं.

तापमापकाचा आकडा रोज थोडा वर दिसू लागला. मी टाकीत हात घातला, पाणी कोमट. म्हटलं, तापमापक बिघडला. आता मामा, माझा हात म्हणजे काय चीज आहे? वाफेनं भाजून त्याची चप्पल झालेली आहे. तापलेल्या इस्त्रीला बोट लावून मी तिची तब्येत बघतो. त्या हाताला जे कोमट लागतं, त्यात बटाटे उकडतील. पुढे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. मला वाटलं, ओळख पटली. मीही चार शब्द बोललो.

रफू करणाऱ्या मावशी पडद्याचं माप घ्यायला वर आल्या म्हणून बरं. सहज बोट बुडवलं आणि झटक्यात मागे घेतलं. म्हणाल्या, "अरे, यात आता चहाची पत्तीच टाकायची बाकी आहे." हीटरच्या आतला आपोआप बंद होणारा खटका चिकटून बसला होता, त्यामुळे तो तापतच होता. मी घाबरून तो चालू असतानाच उपसला आणि ओल्या टॉवेलवर ठेवला. फट्कन तडकला. मावशींनी बटण बंद केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं फाटलेल्या कापडाकडे पाहतात, रफू होईल की नाही म्हणून. मी बर्फ टाकायला धावलो तर मनगट धरलं. एकदम गार केलं तर आत्ता जगलेले आत्ताच मरतील, म्हणाल्या. मग इस्त्रीजवळचा पंखा वर नेऊन पाण्यावर वारा सोडला आणि पाणी हळूहळू निवेपर्यंत मी टाकीसमोर बसून राहिलो. मी एका जागी इतका वेळ बसलो, हे मास्तरांना कळवा, त्यांचा विश्वास बसणार नाही.

संध्याकाळी मासे खाली उतरले, खायला लागले, तेव्हा माझ्याही घशाखाली घास गेला. नवा हीटर आणायला गेलो, तेव्हा शोभेच्या माशांच्या दुकानदाराने मला फैलावर घेऊन शहाणं केलं. एक मोठा हीटर लावू नये, दोन लहान लावावेत. एक चिकटला तरी टाकी उकळायची त्याची ताकद नाही, एक मेला तर दुसरा ऊब धरून ठेवतो. दोन्ही एका वेगळ्या पेटीतून जोडायचे, पाणी जास्त तापलं की ती पेटीच वीज तोडते. आणि हीटर फुटायची वाट न बघता जुना झाला की बदलायचा. सगळं तसंच बसवून घेतलं. माझा हात आता टाकीत जात नाही.

बाई परत आल्या. मी सगळं सांगितलं, चहाच्या पत्तीसकट. त्यांनी आधी तापमापक वाचला, मग म्हणाल्या, "न विचारता खरं सांगतोस. व्हॅन तूच घे." मामा, डोळे भरून आले. सगळ्यांना यथायोग्य.

तुमचा भाचा

ता. क. बाईंनी जाता जाता विचारलं, गाडी येते ना चालवता? डोळे भरलेलेच होते, मान आपोआप हलली.

ता. क. दुसरा. तुमचं आयुष्य ट्रकवर गेलं, म्हणून हे पत्र. जुना व्हॅनवाला महिनाअखेर जातोय, तोवर मला परवाना काढायचा आहे आणि परवानेवाले म्हणे गाडी चालवून दाखवायला सांगतात. क्लच कुठल्या पायाने दाबतात, गिअर कधी बदलतात, सगळं उलट टपाली कळवा, चित्र काढलंत तर फारच बरं. कागद पुरणार नाही असं वाटलं तर आधी ब्रेकचं लिहा.