एकविसाव्या सेकंदाला

४ मार्च, मंगळवार

दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहिजे म्हणे. प्रेमिला आज रामदासपेठेतल्या अभ्यासकेंद्रातून कागद घेऊन आली. चाळिशीनंतर बी.ए. झालेल्या बायकांचा सत्कार आहे, तेवीस तारखेला. प्रत्येकीच्या घरच्यांनी तिच्या अभ्यासाचा व्हिडिओ पाठवायचा. कागदावर लिहिलंय — ‘भावपूर्ण पार्श्वसंगीतासह’.

ती म्हणाली, आयुषला सांगते. मी म्हटलं, मी करतो.

दोघा मायलेकांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही कळलं नाही मी असं का म्हणालो. चोवीस वर्षं मी कंपनीत लोखंडाची मापं घेतोय. पण बोलून बसलो. आयुषनं माझ्या मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं आणि फोटो, क्लिपा पाठवल्या. एकंदर अकरा.

६ मार्च, गुरुवार

नंदनवन ते हिंगणा, कंपनीच्या बसमध्ये पूर्ण वेळ कानात संगीत. ॲपमध्ये भावपूर्ण म्हणून चाळीसेक तुकडे आहेत. पियानो ऐकला की दवाखान्याची जाहिरात वाटते. बासरी बरी वाटली. उन्मेषला ऐकवली — तो माझ्याच लाइनवर आहे आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाचे व्हिडिओ कापतो. म्हणाला, “बासरी नको टाकू गा. तेरवीचा वाटते.”

झालं! आता मलाही तेरवीचीच वाटते.

७ मार्च, शुक्रवार

आयुषच्या अकरांत माझी भर घालावी म्हणून स्वतःचा मोबाइल पाहिला. दोन हजारांवर फोटो. मशीनचे पार्ट, आयुषची नवी गाडी, कोणाकोणाचे वाढदिवस. प्रेमिलाचे चार. चारही लग्नांतले, चारही ग्रुपमध्ये.

तीन वर्षं ती घरात अभ्यास करत होती. माझ्याकडे एक फोटो नाही.

९ मार्च, रविवार

सगळ्यात चांगली क्लिप सापडली. अडतीस सेकंदांची. प्रेमिला स्वयंपाकघरात उभी, पुस्तक फ्रिजवर पालथं, हात पोळ्यांच्या कणकेत, आणि ती पाठ केलेलं उत्तर म्हणतेय — “कुटुंबाची प्रमुख कार्ये पुढीलप्रमाणे आहेत...” मान थोडी हलते. पहिलं कार्य, दुसरं कार्य. असा चेहरा मी तिचा पाहिलेला नाही. लहान मुलीसारखा आणि कडक, दोन्ही.

एकविसाव्या सेकंदाला बाहेरच्या खोलीतून एका माणसाचा आवाज येतो. “आता कलेक्टर होतं का हे वाचून? पोयाचं काय झालं?”

आधी वाटलं, कोण आलं होतं बुवा घरी?

मग पुन्हा लावली. मीच.

ती थांबते. एक सेकंद दाराकडे पाहते. मग पुन्हा म्हणायला लागते — जिथं थांबली तिथून नाही, पहिल्यापासून. “कुटुंबाची प्रमुख कार्ये...”



१० मार्च, सोमवार

कापून पाहिलं. मधला तुकडा काढला की ती पहिल्यापासून का म्हणते तेच समजत नाही, अडखळल्यासारखी वाटते. आवाज बंद केला तर नुसते ओठ हलतात. तिचा आवाज तर पाहिजेच, त्यातच सगळं आहे.

म्हणजे संगीतानंच झाकावं लागेल. एकविसाव्या सेकंदाला जोरात उठणारं संगीत पाहिजे.

उन्मेषला विचारलं, असं काही आहे का. म्हणाला, “एकविसाव्यालेच काहून?”

म्हटलं, असंच.

१२ मार्च, बुधवार

व्हायोलिन लावलं. बाकी सगळं दबतं, एक ‘कलेक्टर’ तेवढा वर येतो. उलट जास्तच ऐकू येतो.

१४ मार्च, शुक्रवार — धुळवड

कंपनी बंद. सकाळपासून गच्चीवर मोबाइल घेऊन बसलो. खालून पोरं हाका मारत होती, गेलो नाही. अकरा वाजता सापडलं! वीस सेकंद सतार, मग एकदम नगारे. माझा आवाज पार गेला. तीनदा ऐकून खात्री केली.

आयुष रंग खेळून वर आला, त्याला दाखवलं. ओल्या हातानं मोबाइल धरून पूर्ण पाहिलं त्यानं. म्हणाला, “मम्मी काय म्हणते ते ऐकूच नाही येऊन राहिलं, बाबा.”

मी म्हटलं, भाव तर येतोय ना.

मग म्हणाला, “तुमचा आवाज दाबला का?”

कोणता आवाज, मी विचारलं. त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. खाली गेला. मोबाइलच्या काचेवर गुलाबी बोटं उमटली होती, ती पुसत बसलो.

१६ मार्च, रविवार

राहवलं नाही. प्रेमिला बाजारात गेल्यावर आयुषला विचारलं, ती क्लिप कधीची, त्या दिवशी मी थकून आलो होतो का, कंपनीत काही झालं होतं का.

तो म्हणाला, “कोणत्या दिवसाचं विचारून राहिले तुम्ही? ते तं रोजचंच होतं.”

रागानं नाही म्हणाला. तारीख सांगावी तसं म्हणाला.

मग म्हणाला की क्लिपा त्यानं निवडल्याच नाहीत. त्याच्याकडे साठ-सत्तर होत्या. मम्मीनं बसून एकेक पाहिली आणि अकरा काढून दिल्या. ही तिनं सगळ्यात आधी काढली.

१७ मार्च, सोमवार

काहून काढली असेल?

१८ मार्च, मंगळवार

दोन दिवस तिच्याकडे पाहतोय. नेहमीसारखीच आहे. संध्याकाळी साडीला इस्त्री करत होती, विचारलं तिनं, झाला का व्हिडिओ. म्हटलं, संगीत राहिलं.

“किती दिवस संगीतच शोधून राहिले,” ती म्हणाली.

प्रश्न अगदी ओठांवर होता. मी विचारलं, हीच साडी नेसणार का. हो म्हणाली.

२० मार्च, गुरुवार

आज व्हिडिओ पाठवायची शेवटची तारीख. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या मागे उभा राहिलो. नगारे काढले. सतार काढली. त्या अडतीस सेकंदांत काहीच ठेवलं नाही — ती, कुकरची शिट्टी, आणि मी. पुढेमागे हळू व्हायोलिन. जास्त वेळ पाहिलं असतं तर पाठवलं नसतं.

उन्मेषनं डबा बंद करता करता विचारलं, मिळाले का नगारे तुझे. म्हटलं, नाही लागले.

२३ मार्च, रविवार

सभागृह भरलेलं. मी तिसऱ्या रांगेत, आयुष मागे. सत्काराच्या चौदा बायका स्टेजवर, खुर्च्यांवर.

एकेक व्हिडिओ सुरू झाला. सगळ्यांना पियानो. कोणाचा नवरा पुस्तकं आणून देतोय, कोणाची सासू चहा देतेय. लोक डोळे पुसत होते. तेव्हा वाटलं उठून जावं आणि ते मशीन बंद करावं.

मग आमचा. तिचा आवाज इतक्या मोठ्या हॉलमध्ये! पहिलं कार्य, दुसरं कार्य. मी सेकंद मोजत होतो. “आता कलेक्टर होतं का...”

हॉल हसला. मोकळेपणानं, मुद्दाम टाकलेल्या विनोदाला हसावं तसा. माझ्या बाजूची बाई तिच्या मैत्रिणीला म्हणाली, “सगळ्यांच्या घरी असाच एक असते वं.” मी मांडीवरचं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

मग पडद्यावरच्या प्रेमिलानं दाराकडे पाहिलं आणि पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. हसणं एकदम बंद झालं. मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. स्टेजवरच्या बाकी बायका मान वळवून पडदा पाहत होत्या. ही पाहत नव्हती. ती खाली, तिसऱ्या रांगेत पाहत होती.

परत येताना गाडीवर मागून म्हणाली, “मले वाटलं तुम्ही ते कापान.”

मी म्हटलं, “कापून पाहिलं. झाकूनही पाहिलं.”

पुढच्या चौकात, सिग्नल सुटताना, मी म्हणालो की चुकलं माझं. बाजूला ट्रक होता. ऐकू गेलं की नाही माहीत नाही. पुन्हा म्हणायला पाहिजे होतं. घर येईपर्यंत म्हणेन म्हणेन म्हणत राहिलो.

२८ मार्च, शुक्रवार

प्रेमिलाची नोकरीची ऑर्डर आली. तिकडे गडचिरोलीत, एटापल्लीकडे मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका. एक तारखेपासून, आणि तिथंच राहायचं. मुलाखत फेब्रुवारीतच झाली होती. मी समजत होतो बहिणीकडे गेली. आयुषला माहीत होतं. मला तिनं विचारलं नाही, सांगितलं.

मी विचारलं, किती वर्षांसाठी?

म्हणाली, “आधी जाऊन तं पाहू द्या.”