शुक्रवारचा क्वार्टरबॅक

पप्पा, काल टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलची मॅच होती आणि बोलणारे सारखं एकच रडगाणं गात होते, की इतकी वर्षं झाली तरी या संघाला धड क्वार्टरबॅक सापडत नाही. मला आपल्या बहारीनमधलं सित्राचं मैदान आठवलं. तुमच्या अमेरिकन साहेबाला दुसऱ्या कंपनीच्या अमेरिकनांना शुक्रवारच्या मॅचमध्ये हरवायची हौस, आणि वर्कशॉपचे फोरमन म्हणून संघ जमवायचं काम तुमच्या गळ्यात. धक्के देणारे मिळाले, पळणारे मिळाले. पण अंगावर माणसं धावून येत असताना मागे उभं राहून लांबचा गडी हेरायचा आणि नेमका त्याच्या हातात चेंडू पोचवायचा, असा माणूस, म्हणजे हा क्वार्टरबॅक, कुठून आणणार? साहेब म्हणायचा, आमच्याकडे क्लब पैशाच्या राशी ओतून हा एक माणूस शोधतात आणि तरी फसतात. कॉलेजात चमकलेला पोरगा मोठ्या मैदानावर विझतो. तुम्ही घरी येऊन हसलात. "फेकायचंच तर आहे," म्हणालात, "आमच्या वसईत कुणीही फेकेल."

ते हसू फार टिकलं नाही. रत्नागिरीचा एक क्रेनवाला क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थेट स्टंप उडवायचा, पण समोरून चार धटिंगण आले की डोळे मिटून चेंडू कुठेही भिरकावायचा. केरळचा एक क्लार्क सगळं अचूक हेरायचा, पण त्याचा चेंडू निम्म्यातच पडायचा. कंपनीच्या बसमध्ये, अगदी चर्चमध्येसुद्धा तुम्ही माणसांचे खांदे निरखायला लागलात. मम्मी वैतागली होती.

आणि मग तो अलिबागकडचा वेल्डर. काटकुळा, तुम्ही नाइलाजानेच उभा केलेला. मी पाण्याच्या ड्रमपाशी उभी आहे. सगळे त्याच्यावर तुटून पडतायत आणि तो हलत नाही, घाई करत नाही, जणू त्यांच्यातलं कुणी त्याला दिसतच नाही. त्याचा हात मागे गेला, आणि दोन्ही टोकांना निमुळता तो चेंडू गरगरत इतका लांब आणि इतका नेमका गेला, की पकडणाऱ्याने फक्त ओंजळ पुढे केली. चर्चमध्ये शिरताना काढता तशी तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत. मी थक्क झाले होते, आणि असं काही त्यानंतर मी पाहिलेलं नाही.

मॅच जवळ आली आणि तो आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मम्मीने चहा ठेवला. "अंकल, कुवेतला काम मिळतंय. फॅमिली व्हिजा देतायत. पोरगी चालायला लागली, मी अजून बघितली नाय तिला." तुमच्या सहीशिवाय कंपनी त्याला सोडणार नव्हती, आणि तिथली जागा मॅचपर्यंत थांबणार नव्हती. सही थोडी लांबवली असती तर साहेब खूशच झाला असता. तुम्ही बशीतला चहा संपवलात. "मग बसलायस काय? सकाळी ऑफिसात ये, सही करतो."

तो गेल्यावर मम्मीने विचारलं, "आणि मॅच?"

"खलास," तुम्ही म्हणालात, आणि नेहमीसारखे जेवलात. मॅच आपण वाईट हरलो. पुढेही तुम्ही शोधत राहिलात, पण तसा दुसरा मिळाला नाही.

नंतर मी कॅनडाला जायचं म्हणाले, तेव्हाही तुम्ही असंच चटकन हो म्हणालात आणि माझी बॅग बांधायला दोरी शोधू लागलात. हे पत्र पोस्टात टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. वाटलं, मला सोडणं तुम्हांला किती सोपं गेलं. काल मॅच बघताना तो वेल्डर आठवेपर्यंत मी तेच धरून बसले होते.