अवसेचा धक्का

डोळखांब. अवस होऊन तिसरा दिवस, सांजवेळ.

भूकंप केंद्राचे साहेब हसले, ते अजून डोक्यातून जात नाही. आमच्या पडवीतल्या भूकंपयंत्राची नोंद बघायला आले होते. म्हणाले, "ताई, हे भूकंप नाहीत. खळ्यात भात झोडताय, त्याचे हादरे आहेत."

चूक माझीच. खळ्यापासून वीस पावलांवर यंत्राला जागा मीच दिली. पण हसायचं काय त्यात? फडताळातली भांडी वाजतात ती आम्ही ऐकतो, साहेब नाही.

म्हटलं, "अवसेची नोंद काढा." अवसेला आमच्याकडे खळं बंद असतं, कुणी पेंढीला हात लावत नाही. रेघ दिवसभर सपाट होती. दुपारी मात्र आधी बारीक थरथर, दोन सेकंदांनी मोठी. साहेब हसायचे थांबले. पहिली लाट वेगाने येते, दुसरी मागून. मधल्या एका सेकंदाला साधारण आठ किलोमीटर, हे त्यांनीच शिकवलेलं. म्हणजे सोळा किलोमीटर. पण कुठल्या दिशेला? मग धसई आणि उंबरमाळीच्या यंत्रांवरूनही अंतरं काढली. नकाशावर तीन वर्तुळं ओढली, ती एकाच डोंगरापाशी मिळाली. रेघेची उंची आणि अंतर धरून तीव्रता आली अडीच.

"तसा छोटाच आहे," साहेब म्हणाले.

सासूबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच बोलल्या, "छोटा तर छोटा. पन हाय ना? मंग हाय म्हनून लिवा."

साहेबांनी लिहिलं. खाली सही होईपर्यंत मी दारातून बाजूला झाले नाही.