प्रकरण तिसरे : राग

१२ जानेवारी २००९, शहापूर

गाइड सरांनी प्रबंधाचं प्रकरण परत पाठवलं. तिसऱ्यांदा! शेवटच्या पानावर पेन्सिलीने एकच ओळ — ‘यात राग कुठे आहे?’

म्हणजे मी आता किन्हवलीला जाऊन राग शोधायचा. परदेशातल्या लेखांत तो पानोपानी आहे — कारखाने बंद पडले, पोरं बेकार झाली, गिटारी किंचाळायला लागल्या. हेवी मेटल म्हणजे चिडलेल्यांचं संगीत. मग किन्हवलीच्या, आमच्या तालुक्यातल्या एकुलत्या एका मेटल बँडमध्येही राग असायलाच हवा, नाही का?

३१ मार्चपर्यंत हे प्रकरण आणि बँडमधल्या तिघांची लेखी संमती विभागात पोचली नाही, तर पीएचडीची नोंदणी रद्द. सहा वर्षं घातली आहेत मी यात. ‘आता मुदत वाढवून मिळायची नाही हं,’ सर फोनवर अगदी मायेने म्हणाले. त्या मायेचीच जास्त चीड आली.

आणि स्टाफरूममध्ये रोजचंच — ‘काय पौर्णिमाबाई, भुतांची गाणी कुठवर आली?’ चहा तसाच टाकून वर्गावर गेले.

१८ जानेवारी

किन्हवली. तालीम चालते भातगिरणीत, भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे. मी चारला पोचले, सव्वाचारला वीज गेली. माझं नशीबच तसं.

गिरणी दीपेशच्या वडिलांची, बाळारामदादांची. दीपेश गिटार वाजवतो आणि गातो — म्हणजे पोटातून गुरगुरतो. एरवी आसनगावला कंपनीत पाळीवर असतो. इंद्रजीत पतपेढीत कारकून, तो बेस वाजवतो. ड्रमवर मंगळू. तो डोळखांबच्या वरच्या एका पाड्यातला. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलाय, तो शिमग्यालाच उगवणार. मुरबाडच्या एका बेंजो पार्टीकडून घेतलेला त्याचा जुना ड्रमसेट कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकून ठेवलेला. सध्या हे दोघं टेपवर भरलेल्या त्याच्या तालावर वाजवतात.

वीज नाही, म्हणून मुलाखत. विचारलं, तुम्हाला राग कशाचा येतो?

‘राग?’ दीपेशने बराच विचार केला. ‘लाइट जाते, त्याचा येतो.’

इंद्रजीत म्हणाला, ‘तेवढाच येतो खरा.’

बाळारामदादांनी कोंड्याच्या पोत्यावर फडकं अंथरून मला बसवलं, चहा दिला, वर विचारलं, ‘बाय, जेवून जाशील ना?’ अशा ठिकाणी कोण कशाला चिडेल!

१९ जानेवारी

‘लाइट जाते’ हे प्रबंधात कसं लिहू?

२ फेब्रुवारी

आता मुलाखती नाहीत. छापील प्रश्नावलीच दिली — या दोघांना आणि तालीम ऐकायला येणाऱ्या चौदा पोरांना. प्रश्न सातवा : समाजव्यवस्थेबद्दल तुम्हाला राग येतो का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही.

आज सोळाच्या सोळा परत आल्या. सगळ्यांची खूण ‘कधीकधी’वर! कुणाची निळी शाई, कुणाचं लाल पेन, पण खूण तीच. बसमध्ये मी त्या तीनदा मोजल्या. इतका सारखेपणा योगायोगाने येत नाही. हा दबलेला राग आहे — बोलून दाखवता येत नाही, म्हणून तो गिटारीतून बाहेर पडतो. सहा वर्षांत पहिल्यांदा हाताला काहीतरी लागलं.

९ फेब्रुवारी

चाळीस पानं झाली. सात दिवसांत! मानेचे तुकडे पडलेत.

१७ फेब्रुवारी

सरांचा फोन. ‘आता जमलं बघा. फार धारदार झालंय.’ राहिल्या फक्त सह्या. दीपेश म्हणतो, ‘मंगळू आला की तिघं एकदमच करू.’ म्हणजे शिमग्यापर्यंत थांबा. माझं सगळं असं दुसऱ्यांच्या सवडीवर टांगलेलं.

१२ मार्च

मंगळू आला एकदाचा. पाड्यावर गेले. त्याने पेन हातात घेतलं आणि तेवढ्यात त्याच्या आईने, जिवलीमावशींनी, कागद काढून घेतला.

‘धरणाच्या टायमाला माझ्या सासऱ्यानं न वाचता अंगठा दिला, जमीन गेली. तवापासून आमच्या घरात वाचल्याबिगर सही नाय.’

मी संमतीपत्र वाचून दाखवलं. ‘माझ्याविषयी लिहिलेल्या मजकुरास माझी संमती आहे’ — इथे त्यांनी हात वर केला.

‘तो मजकूर कुठं हाय? तो वाच.’

म्हटलं, मावशी, चाळीस पानं आहेत.

‘मग? होळी झाली. आमाला कुठं जायचाय?’

थोडक्यात सांगते म्हटलं, तर ‘धरणवाल्यांनी पन थोडक्यातच सांगितलेलं.’

प्रकरण घरी. दोन बस बदलून हात हलवत परत. एकोणीस दिवस उरलेत आणि माझी पदवी एका बाईच्या अंगणात अडकली आहे. संताप संताप झालाय नुसता.

१५ मार्च

वाचलं. अख्खं.

अंगणात दीपेश, इंद्रजीत, शेजारच्या चार बाया. मावशी सुपात वाल पाखडत होत्या. मी वाचत होते — ‘विस्थापनाच्या सामूहिक स्मृतीतून उद्भवलेला दबलेला क्रोध’, ‘दात-ओठ खात केलेलं वादन’. बारा पानं झाली. मग मावशींनी सूप खाली ठेवलं.

‘हा मानूस कोन गो?’

कोणता?

‘हाच. सारका दात खातो तो. आमच्यात तर असा कोन नाय.’

मी म्हटलं, मंगळू. सगळे मंगळूकडे बघायला लागले. तो बिचारा ओशाळला.

‘म्याडम, भट्टीवर मुकादम सांगंल तसा हात चालवायचा. हितं माझा हात माझ्या मनानं चालतो. मजा येते, म्हनून वाजवतो. चिडून वाजवला तर ताल सुटतो ना.’

मग त्या सोळा खुणांचं काय? माझा आवाज चढला होता, मला कळत होतं. दीपेश चाचरत म्हणाला, ‘मधला टाकला म्हनजे जास्त चुकत नाय. शाळेपासून आमी तसंच करतो. तुमी नापास केलं असतं तर?’

सगळे हसले. मी उरलेली अठ्ठावीस पानं वाचून काढली. कशी, ते माझं मला ठाऊक. नियम म्हणजे नियम.

शेवटी मावशी म्हणाल्या, ‘राग तुलाच हाय गो बाय. वाचताना दिसतो.’ दोष देत नव्हत्या. ताप आहे का बघावं, तसं म्हणाल्या.

आणि मग — ‘पन तुझं काम अडाया नको. दे तो कागद.’ मंगळूने सही केली. मागोमाग दोघांनी. निघताना मावशींनी माझ्या पदरात किलोभर वाल घातले.

१६ मार्च

सरांना फोन केला. म्हटलं, प्रकरण चुकीचं आहे, पुन्हा लिहावं लागेल, निदान सहा महिने. ते म्हणाले, ‘आता काही हलवू नका. सह्या आहेत ना? मग ते त्यांना मान्य आहे.’

२४ मार्च

प्रकरण पुन्हा वाचलं. जिथे जिथे ‘ते’ आहे तिथे ‘मी’ घालून पाहिलं. एकही वाक्य अडत नाही. खूप रडले.

३१ मार्च

विभागात गेले. प्रकरण दिलं नाही. सरांनी विचारलं, ‘का? सह्या नाही मिळाल्या?’

मिळाल्या, म्हटलं. तिघांच्याही.