हंसध्वज या नावाची कात्रणे

२८ जानेवारी २००७, रविवार

आजच्या शब्दकोड्यात— ‘सुधन्व्याचा पिता, चार अक्षरी’. हंसध्वज! पेन्सिल हातातच राहिली.

आजोबांनी माझ्या धाकट्या भावासाठी, हंसूसाठी, पोथीतून काढलेले हे नाव. तो घर सोडून गेल्यापासूनच्या एकतीस वर्षांत पोथीबाहेर ते मला मोजून चार ठिकाणी आढळले. मतदारयादीत— ते गृहस्थ सत्तरीचे निघाले. वाचकांच्या पत्रव्यवहारात— अकोल्याचे शिक्षक. एका लग्नपत्रिकेत. एका जाहीर नोटिशीत. प्रत्येक वेळी मी खात्री करून घेतली. प्रत्येक वेळी माणूस दुसराच.

आईने नेहमीप्रमाणे विचारले, “काही आलंय का रे छापून?” नाही म्हणालो.

३१ जानेवारी, बुधवार

रिक्षा मिळेपर्यंत गोडदेव नाक्यावर स्थानिक साप्ताहिक चाळत होतो. वाढदिवसाच्या रकान्यात टोपडे घातलेले बाळ. ‘चि. हंसध्वज लोकेश आंबर्डेकर, वर्ष पहिले. शुभेच्छुक : आजी जाईबाई, आई-बाबा. डोंगरी.’

आडनाव आमचे. शुभेच्छुकांत आजोबा नाहीत.

आमच्या घराण्यात हयात माणसाचे नाव पाळण्यात ठेवीत नाहीत, गेलेल्याचेच ठेवतात. हा नियम हंसूला पाठ होता. म्हणजे लोकेश त्याचा मुलगा, बाळ नातू, आणि तो स्वतः—

आणि डोंगरी! इथून बसने तासाभराचे अंतर.

कात्रण विम्याच्या फायलीत ठेवले आहे. बायकोला, शुभदाला दाखवले. ती म्हणाली, “आईंना सांगून टाका. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला अजून किती झुलवणार?” मी म्हणालो, खात्री झाल्याशिवाय नाही. “तुमची खात्री होईपर्यंत त्या राहतील का?” शुभदा बोलते तेव्हा नेमके बोलते.

३ फेब्रुवारी, शनिवार

बी.कॉम.ला तो दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा “पुन्हा तोंड दाखवू नकोस” हे वाक्य मीच उच्चारले होते. आईला ते आजही ठाऊक नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

डोंगरीच्या बसथांब्यावर बसून लिहितो आहे.

घर सापडले. जाईबाई ओटीवर भाजी निवडत होत्या. ओळख सांगितल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. “भाऊ? इतकी वर्सं कुठं व्हतात भाऊ?” हंसू केव्हा गेला, एवढेच कसेबसे विचारले.

“मेले म्हनून कोन बोल्ला? लोकेश चार वर्सांचा व्हता, तवा सकाळी चप्पल घातली नि गेले. जिते हाय का न्हाय, ठाव न्हाय.”

मग बाळाला हे नाव कसे, असे मी विचारले. त्या हसल्या!

“तुमच्यात जित्याचं नाव पोराला ठेवत न्हाईत, हे त्येच सांगायचे. म्हनून तर ठेवला! पेपरात बी दिला. वाचतील कुठं, तर रागानं तरी येतील धावत. ते न्हाय आले, तुम्ही आलात!”

बाळ माझ्या चष्म्याला लोंबकळले. कान हंसूचे आहेत.

म्हणजे काहीच सिद्ध झालेले नाही. तो हयात असू शकतो. आईला सर्व सांगायचे— सून, नातू, पणतू. १९७६ चे ते वाक्यसुद्धा. बस आली.

५ फेब्रुवारी, सोमवार

काल मी घरी पोचण्यापूर्वीच शुभदाने आईला कात्रण वाचून दाखवले होते. “तुमच्याने झालं नसतं,” म्हणाली.

आईने डोक्यावरून पाणी घेतले होते. केस ओलेच होते. मला जवळ बसवून म्हणाली, “पंढरी, सुटला रे माझा हंसू. आता दाराला आतून कडी लावत जा.”

एकतीस वर्षे तिने ती कुणाला लावू दिली नव्हती.

डोंगरीविषयी काही बोललो नाही. कडी लावली.